एडिट केलं तरी रॉ फाइल जशीच्या तशी, मग एडिट जातं कुठे?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवीन कॅमेरा घेतलाय, चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः रंगवून न दिलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेत, ओरिजिनल खराब होऊ नये म्हणून प्रत्येक फोल्डरच्या 'मूळ', 'एडिट' आणि 'फायनल' अशा तीन-तीन कॉप्या केल्यात, १ टीबीचा ड्राइव्ह भरत आलाय आणि एवढं करूनही लाइटरूम या अडोबीच्या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरवर प्रश्नचिन्ह आणि फोटोंवर उद्गारचिन्ह दिसतंय. वर लाइटरूममध्ये उजळ केलेला फोटो विंडोजच्या फोल्डरमध्ये उघडला की पुन्हा काळपट दिसतो, म्हणून एडिट सेव्हच होत नाहीये असं वाटतंय. शेवटी विचारलंय की जेपीजी एक्सपोर्ट झाल्यावर रॉ डिलीट केल्या तर चालेल का.

तुमची भीती खरी आहे, फक्त ती भलत्याच ठिकाणी आहे. निकॉनच्या एनईएफ, कॅननच्या सीआर३ किंवा सोनीच्या एआरडब्ल्यू फाइलमधल्या चित्राला लाइटरूम हात लावत नाही, तुम्ही स्लायडर कितीही ओढा. रॉ जाते ती आपल्याच हाताने डिलीट होऊन नाहीतर डिस्क मेल्यामुळे. आणि एडिट जातं ते कुठे ठेवलंय हेच माहीत नसल्यामुळे. तीन कॉप्या करून या दोन्हीतलं काहीच वाचत नाही, कारण तिन्ही कॉप्या एकाच ड्राइव्हवर आहेत.

मी साताऱ्यात स्टुडिओ चालवतो, लग्न, मुंज, बारसं सगळं करतो, आणि हे काम शिकलो मामांच्या स्टुडिओत, रोल धुण्याच्या काळात. डार्करूममध्ये निगेटिव्हच्या पट्ट्या बटर पेपरच्या पाकिटात असायच्या आणि पाकिटावर मामा पेन्सिलने लिहून ठेवायचे, '१२ सेकंद, चेहऱ्यावर ३ सेकंद हात, आभाळ ५ जादा'. म्हणजे एन्लार्जरखाली कागदावर एकूण किती वेळ उजेड पाडायचा, त्यात चेहऱ्यावर सावली किती वेळ धरायची, आणि आभाळ पांढरं पडू नये म्हणून तिथे किती वेळ जास्त द्यायचा. वर्षभराने कोणी आलं की आजोबांच्या त्याच फोटोची अजून एक प्रत द्या, की पाकीट काढायचं, वरची नोंद वाचायची आणि नवीन कागदावर पुन्हा प्रिंट मारायची. निगेटिव्हला ओरखडासुद्धा नाही. आजही माझ्या डोक्यात हेच चित्र आहे आणि तुम्हीही ते धरून ठेवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. रॉ म्हणजे निगेटिव्ह, एडिट म्हणजे पाकिटावरची पेन्सिलची नोंद, एक्सपोर्ट केलेली जेपीजी म्हणजे प्रिंट.

आता रॉला हात का लागत नाही ते बघा. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, लाल, हिरवा किंवा निळा, आणि त्यात निम्मे ठिपके हिरव्याचे. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत अजून तीच चालते. त्यामुळे रॉमध्ये आपण बघतो तसं रंगीत चित्र तयार नसतंच, नुसती उजेडाची मोजमापं असतात, १४ बिटची फाइल असेल तर प्रत्येक ठिपक्याला १६,३८४ पायऱ्यांपर्यंत. त्या मोजमापांवरून चित्र उभं करायचं काम सॉफ्टवेअर दरवेळी नव्याने करतं आणि तुमचे स्लायडर म्हणजे ते चित्र कसं उभं करायचं याच्या सूचना. व्हाइट बॅलन्ससुद्धा, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग, रॉमध्ये नुसती चिकटवलेली चिठ्ठी असते. जेपीजीमध्ये मात्र कॅमेऱ्याने सगळं ठरवून, शिजवून, एका रंगाला २५६ पायऱ्यांत बसवलेलं असतं.

हळदीचे फोटो आठवा. दुपारी बाराचं ऊन, नवरीच्या गालावर ओली हळद, आणि जेपीजीत तो गाल एकसारखा पिवळा ठोकळा झालेला, हळदीचा थर दिसत नाही की बोटांचे ओघळ. तीच रॉ उघडून हायलाइट्स हा उजळ भागाचा स्लायडर उणे साठपर्यंत खाली आणा, टेम्परेचर थोडं थंड करा, आणि बघा बोटांच्या रेघा परत येतात का. बहुतेक वेळा येतात. हे मात्र परिस्थितीवर आहे, सेन्सरवरच तो भाग पूर्ण जळला असेल तर रॉसुद्धा तिथे काही देऊ शकत नाही, रॉ म्हणजे जादू नाही.

मग नोंद जाते कुठे? लाइटरूम क्लासिकमध्ये ती जाते कॅटलॉगमध्ये. एलआरकॅट नावाची एक डेटाबेस फाइल असते, बहुतेकांच्या सी ड्राइव्हवर पिक्चर्स फोल्डरमध्ये, आणि फोटो असतात डी किंवा बाहेरच्या ड्राइव्हवर. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. त्यात फक्त 'अमुक फोटो अमुक ड्राइव्हच्या अमुक फोल्डरमध्ये आहे आणि त्यावर या या सूचना आहेत' एवढं लिहिलेलं असतं. तुम्ही विंडोजमधून फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला किंवा नाव बदललं की पत्ता चुकतो आणि चिन्हं येतात. तुमचे फोटो बहुतेक कुठेही गेलेले नाहीत आणि एडिटही गेलेलं नाही, दोघांची ताटातूट झालीय एवढंच.

याच नोंदीची दुसरी प्रत फोटोच्या शेजारी ठेवता येते, तिला एक्सएमपी फाइल म्हणतात. रॉचं जे नाव तेच तिचं नाव, फक्त शेवट एक्सएमपी. लाइटरूममध्ये फोटो निवडून कंट्रोल एस दाबलं की ती बनते, किंवा एडिट मेनूतल्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटा टॅबवर बदल आपोआप एक्सएमपीत लिहायचा पर्याय आहे तो चालू करायचा. तो मुळात बंद असतो, आणि मला हे पटत नाही, नवीन माणसासाठी तो चालूच हवा. तुम्ही एकदा एक्सएमपी नोटपॅडमध्ये उघडून बघाच. साधा मजकूर आहे. त्यात एक ओळ सापडेल 'एक्स्पोजर २०१२' आणि पुढे +०.७०, खाली 'हायलाइट्स २०१२' आणि -६०, मग टेम्परेचरचा आकडा, क्रॉपच्या चार बाजू. नावातलं २०१२ कशाचं असा प्रश्न पडेल, तर त्या साली लाइटरूम ४ मध्ये हे स्लायडर नव्या हिशोबाने आले, तो शिक्का अजून नावात राहिलाय. साध्या एडिटची ही अख्खी फाइल काही केबीची, आणि शेजारची रॉ २८ एमबीची. तुम्ही तीन तास बसून केलेलं काम त्या काही केबीत आहे, मामांच्या पाकिटावरच्या एका ओळीसारखं.

तुमचा विश्वास बसावा म्हणून एक प्रयोग सांगतो, मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला हा करायला लावतो. एक एनईएफ घ्या, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड असते तिने त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा अंगठ्याच्या ठशासारखा कोड, काढा, ६४ अक्षरांची एक ओळ येईल ती वहीत चिकटवा. मग लाइटरूममध्ये त्या फोटोची वाट लावा, काळापांढरा करा, क्रॉप करा, कंट्रोल एस मारा, आणि परत हॅश काढा. फाइलमधला एक बिट जरी हलला असता तरी ती ओळ पूर्ण बदलली असती. ती तशीच निघते. हे एकदा डोळ्याने बघितलं की 'मूळ', 'एडिट' असे फोल्डर करायचा हात आपोआप थांबतो.

विंडोजमध्ये फोटो काळपट दिसतो त्याचं कारणही यातच आहे. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने स्वतः बनवलेली एक छोटी जेपीजी ठेवलेली असते, प्रीव्ह्यूसाठी. फोल्डरमध्ये सहसा तीच दिसते, विंडोज शेजारची एक्सएमपी वाचून रॉ तशी दाखवत नाही. लाइटरूममध्ये इम्पोर्ट करताना फोटो आधी छान रंगीत दिसतो आणि क्षणात फिका पडतो, तेही हेच, आधी कॅमेऱ्याचा प्रीव्ह्यू दिसतो आणि मग लाइटरूम स्वतःच्या पद्धतीने चित्र उभं करतं. तेव्हाही लोक घाबरून विचारतात की फाइल बिघडली का. नाही बिघडली. कॅमेऱ्यासारखे रंग हवे असतील तर प्रोफाइलमध्ये 'कॅमेरा मॅचिंग' निवडा.

आता सॉफ्टवेअरप्रमाणे फरक पडतो, कारण सगळे नोंद एकाच जागी ठेवत नाहीत. डार्कटेबल फुकट आहे आणि चांगलं आहे, ते एक्सएमपी आपोआप बनवतं, पण नावात रॉचं एक्सटेन्शनही ठेवतं म्हणून लाइटरूमच्या एक्सएमपीशी टक्कर होत नाही. रॉथेरपी पीपी३ नावाची फाइल बनवतं. एकाची नोंद दुसऱ्याला पूर्ण कळत नाही, स्टार आणि कीवर्ड कधी येतात कधी नाही, रंगाचं काम बहुतेक येत नाही. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल वेगळंच करतं, ते सूचना रॉ फाइलच्या आतच लिहितं. मोजमापांना धक्का नाही, पण फाइल म्हणून ती बदलते, वरचा हॅशचा प्रयोग तिथे केलात तर ओळ वेगळी येईल आणि तुम्ही घाबराल, म्हणून आधीच सांगतो. लाइटरूममध्येही एक जागा अशी आहे, फोटोची तारीख-वेळ दुरुस्त केली तर ती रॉमध्ये लिहू का असा पर्याय कॅटलॉग सेटिंग्जमध्ये आहे, मी तो बंद ठेवतो.

डीएनजीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण कोणीतरी सुचवेलच. अडोबीने २००४ मध्ये काढलेला खुला फॉरमॅट आहे, वाईट नाही. त्यात एक्सएमपी बाहेर नसते, फाइलच्या आतच लिहिली जाते, म्हणजे तुम्ही एक स्टार दिला तरी अख्खी फाइल बदलली असं बॅकअपच्या सॉफ्टवेअरला वाटतं आणि २८ एमबी पुन्हा कॉपी होतात, जिथे एक्सएमपी असती तर काही केबी गेले असते. शिवाय निकॉन किंवा कॅननच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ती रूपांतर केलेली डीएनजी उघडत नाही. म्हणून मी कॅमेऱ्यातून आलेली फाइलच ठेवतो. ज्यांना सगळं एकाच फाइलमध्ये हवंय त्यांनी डीएनजी करावी, तो आवडीचा भाग आहे.

जेपीजीचं मात्र खूप जपा. मी सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या बारशाचे फोटो जेपीजीत काढले होते, नेटवर टाकायला लहान करून द्या म्हणाले, मी फोटोशॉपमध्ये एकेक उघडला, रुंदी १२०० पिक्सेल केली आणि सवयीने कंट्रोल एस. अख्खा फोल्डर. आठ दिवसांनी त्याच घरातल्या पणजी वारल्या आणि त्यांच्या मांडीवर बाळ असलेला एकच फोटो होता, तो भिंतीवर लावायला मोठा हवा होता. माझ्याकडे १२०० पिक्सेलचा होता. ओरिजिनल मीच पुसलं होतं, कार्डही परत वापरून झालं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण तो फोटो त्यांच्या भिंतीवर आजही पाटीएवढाच आहे. तेव्हापासून फोटोशॉपमध्ये जेपीजी थेट उघडून त्याच नावाने सेव्ह करणं मी बंद केलं. जेपीजीसुद्धा लाइटरूममधूनच एडिट करतो, तिथे सूचना मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीत, जातात, पिक्सेल तसेच राहतात, आणि लहान साइझ हवी तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये एक्सपोर्ट.

फोटोशॉप लागतंच, नाही असं नाही, मुंडावळ्यांची लड डोळ्यावर आली असेल किंवा मागे कुणाचं अर्धं डोकं घुसलं असेल तर. तेव्हा लाइटरूममधून 'एडिट इन' करतो, एक टिफ, म्हणजे मोठी चित्रफाइल, बनते आणि ती शेजारी येऊन बसते. पण ही टिफ म्हणजे प्रिंट आहे, निगेटिव्ह नाही, त्यात एक्स्पोजर आणि रंग पक्के होऊन बसलेले असतात. म्हणून रंगाचं सगळं आधी उरकायचं आणि फोटोशॉप शेवटी. आणि ती जडही असते, २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ कॉम्प्रेस न करता १४४ एमबी, लेअर टाकल्या की अजून, त्यामुळे ३,५०० फोटोंवर हे करायचं नसतं, अल्बमच्या पानावर मोठ्या जाणाऱ्या वीस-पंचवीसांवर करायचं. नंतर रंग बदलावा लागेल अशी शंका असेल तर रॉ स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडा, मग ती फोटोशॉपच्या फाइलमध्येही रॉच राहते.

बॅकअप. लाइटरूम बंद करताना 'बॅकअप घेऊ का' विचारतं, त्यावर हो म्हणणारे खूप जण समजतात फोटोंचा बॅकअप झाला. तो फक्त कॅटलॉगचा असतो, म्हणजे पाकिटांचा, निगेटिव्हचा नाही. आणि तो मुळात त्याच डिस्कवर जातो. मला यातली उलटी बाजूही भोगावी लागलीय, कॉम्प्युटरची डिस्क ऐन लग्नसराईत गेली, रॉ बाहेरच्या दोन ड्राइव्हवर सुखरूप होत्या, पण कॅटलॉग गेला, कॅटलॉगचे बॅकअप त्याच डिस्कवर होते तेही गेले, एक्सएमपी चालू नव्हतं. तीन महिन्यांचं एडिट पहिल्यापासून केलं, रात्री दोन-दोनपर्यंत बसून. त्या दिवसापासून एक्सएमपी चालू आहे आणि कॅटलॉगचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर जातो. दोन्ही ठेवायचं कारण असं की एक्सएमपीत सगळं येत नाही, व्हर्च्युअल कॉपी, कलेक्शन आणि हिस्ट्रीतल्या पायऱ्या फक्त कॅटलॉगमध्येच राहतात.

व्हर्च्युअल कॉपी तुमच्या कामाची आहे, कारण तुमचे तीन फोल्डर झाले त्याचं एक कारण मला वाटतं की एकाच फोटोची रंगीत आणि काळीपांढरी अशी दोन रूपं हवी होती. फोटोवर राइट क्लिक करून 'क्रिएट व्हर्च्युअल कॉपी' करा, डिस्कवर दुसरी रॉ तयार होत नाही, एकाच निगेटिव्हसाठी दुसरं पाकीट तयार होतं.

रॉ डिलीट करू का? निवडलेल्यांच्या नको. जेपीजी ही आजच्या तुमच्या हाताने, आजच्या सॉफ्टवेअरने मारलेली प्रिंट आहे. माझ्याकडे कासच्या कारवीचे जुने रॉ आहेत, कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, ढगाळ उजेडात आयएसओ ३२०० वर काढलेले, तेव्हा नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, इतका होता की मी ते बाजूला टाकले होते. गेल्या पावसाळ्यात नव्या डीनॉइझमधून काढले तर पाकळीवरची शीर दिसायला लागली. जेपीजी ठेवून रॉ टाकली असती तर हे झालंच नसतं. स्पर्धेत फोटो पाठवायचा विचार असेल तर अजून एक गोष्ट, वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धा शेवटच्या फेऱ्यांत मूळ फाइल मागून ताडून बघतात, २०१५ मध्ये तर शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के एंट्री फेरफारामुळे बाद झाल्या होत्या. तुमच्याकडे रॉच नसेल तर दाखवणार काय.

पण याची दुसरी बाजूही लक्षात घ्या, नुसती रॉ आणि नोंद ठेवूनही भागत नाही. ॲपलचं ॲपर्चर नावाचं सॉफ्टवेअर होतं, २०१४ मध्ये त्यांनी ते पुढे बनवणार नाही म्हणून सांगितलं आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनावर ते चालेनासंच झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यात काम केलं त्यांच्या रॉ शाबूत होत्या, पण केलेलं एडिट दुसऱ्या सॉफ्टवेअरला जसंच्या तसं वाचता येईना. म्हणून निवडलेल्या फोटोंची पूर्ण साइझची जेपीजीसुद्धा ठेवायची. लाइटरूमचं सबस्क्रिप्शन संपलं तर क्लासिक उघडतं, फोटो बघता येतात, एक्सपोर्टही होतात, फक्त डेव्हलप आणि मॅप हे भाग बंद होतात, तेव्हा ती भीती नको.

माझा हिशोब असा आहे. दोन दिवसांच्या लग्नाचे ३,५०० क्लिक, २८ एमबीने साधारण ९८ जीबी. कार्डवरून दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी, दोन्हीवर फाइलची संख्या जुळली आणि मधले पाच-दहा फोटो उघडून बघितले की मगच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच. एक ड्राइव्ह स्टुडिओत, एक घरी. अल्बम पोचल्यावर वर्षभर सगळं ठेवतो, कारण एखादी आत्या सहा महिन्यांनी विचारतेच की माझा अक्षतांच्या वेळचा फोटो कसा नाही आला. वर्षाने डोळे मिटलेले, हललेले, दहा-दहा सारखे काढून टाकतो, निवडलेले ७००-८०० कायमचे. तुम्ही घरच्या हौसेसाठी काढताय तर वर्षभर थांबायचीही गरज नाही, पण निवड होईपर्यंत काही पुसू नका.

आता तुमच्या त्या तीन फोल्डरांचं. आज काहीही डिलीट करू नका. आधी लाइटरूममध्ये चिन्ह नसलेल्या एखाद्या एडिट केलेल्या फोटोवर राइट क्लिक करून 'शो इन एक्सप्लोरर' करा, तीनपैकी कोणता फोल्डर उघडतो तो कागदावर लिहा, कॅटलॉग त्यालाच ओळखतो. मग प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर राइट क्लिक, 'फाइंड मिसिंग फोल्डर', आणि जिथे हलवलाय तो दाखवा, उद्गारचिन्हं एकदम जातील आणि एडिट परत दिसेल. ते झालं की सगळे फोटो निवडून कंट्रोल एस, सगळ्या एक्सएमपी तयार होतील. मग हा एकच फोल्डर आणि कॅटलॉगचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, उघडून तपासा, बाकीच्या दोन फोल्डरांत यात नसलेली एखादी फाइल तर नाही ना ते संख्येवरून आणि नावांवरून बघा, आणि मगच ते दोन काढा. यापुढे फोल्डर हलवायचा किंवा नाव बदलायचं झालं तर लाइटरूमच्या आतल्या फोल्डर पॅनेलमधूनच.

'फाइंड मिसिंग फोल्डर'ला अडलात तर त्या फोल्डरचं नाव, आधी कुठल्या ड्राइव्हवर होता आणि आता कुठे आहे एवढं लिहा. बाहेरचा ड्राइव्ह असेल तर त्याचं अक्षर बदललंय का तेही बघून ठेवा, ई चा एफ झाला तरी हाच प्रकार होतो आणि मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर पूर्वीचं दिलं की काम होतं.